मशीन नको, मुक्कामी गाडी द्या

पश्चिम विदर्भातील सर्व सन्माननीय आमदार, खासदार आणि जिल्हा परिषद सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

येत्या वर्षात आपल्यापैकी कुणी ना कुणी एखाद्या तालुक्याला डायलिसिसची मशीन देणार, फीत कापणार, पेपरात फोटो येणार. त्याआधी हे पत्र वाचून व्हावं म्हणून लिहिते आहे. मशीनला माझा विरोध नाही. पण मशीन आली की डायलिसिस वाढतं हा हिशेब चुकतो, आणि तो कुठं चुकतो हे मला रोज दिसतं. मी डॉक्टर नाही, सिस्टर नाही, टेक्निशियनही नाही. खारपाणपट्ट्यातल्या, म्हणजे जमिनीखाली खारंच पाणी लागणाऱ्या पट्ट्यातल्या, एका तालुक्याच्या गावी, एका धर्मादाय रुग्णालयाच्या डायलिसिस विभागाचं प्रशासन बघते. कोणाचा कुठला वार, कोणती पाळी, कोणाची सरकारी आरोग्य योजनेची मंजुरी आली, कोणाची अडकली, डायलायझरची (रक्त गाळणाऱ्या फिल्टरची) किती खोकी उरली, पाण्याचा टँकर कुठवर आला, हे माझं काम. पेशंट मशीनपुढं वेळेवर येऊन बसेपर्यंत जे जे घडावं लागतं, ते सगळं माझ्या टेबलावरून जातं.

आधी गणित मांडते, कारण सगळी गोष्ट त्यातच आहे.

एक डायलिसिस चार तासांचं. मशीन तयार करणं, नळ्या भरणं, पेशंटला जोडणं, सुटल्यावर मशीन निर्जंतुक करणं यात वरचा तासभर जातो. सकाळी सातला पहिली पाळी लागते, बाराला दुसरी, ती चार-साडेचारला सुटते. आमच्याकडे पाच मशिनी आहेत. त्यातली एक हिपॅटायटिस, म्हणजे रक्तातून पसरणारी कावीळ, असलेल्यांसाठी राखीव. ती रिकामी दिसली तरी तिच्यावर दुसऱ्या कोणाला घेता येत नाही, आणि हे नातेवाइकांना पटवणं हा एक वेगळाच उद्योग आहे. उरल्या चार. चार मशिनी, दोन पाळ्या, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे ४८ डायलिसिस. किडनीचे डॉक्टर बहुतेकांना आठवड्यातून तीनदा लिहून देतात. तसं द्यायचं म्हटलं तर आमच्याकडे १६ पेशंट बसतील. आमच्याकडे २४ आहेत. म्हणून सगळ्यांना दोनदाच.

तिसऱ्या डायलिसिसची ही जी कपात आहे, ती कुठल्याच फायलीत दिसत नाही. फायलीत पेशंट ‘डायलिसिसवर’ असतो. तो सोमवारी येतो आणि मग थेट गुरुवारी येतो, मधल्या दिवसांत साचलेलं पाणी आणि घाण अंगात घेऊन फिरतो, हे फायलीत येत नाही.

आता तिसरी पाळी धरा. संध्याकाळी पाच ते रात्री नऊ. त्याच चार मशिनी, तेच सहा दिवस, तीन पाळ्या: ७२ डायलिसिस. भागिले तीन, बरोबर २४ पेशंट. म्हणजे एकही नवी मशीन न घेता आमच्या प्रत्येक पेशंटला डॉक्टरांनी लिहिलेलं पुरतं डायलिसिस मिळू शकतं. उलट आपण दोन मशिनी दिल्यात आणि पाळ्या दोनच राहिल्या, तरी वाढतील फक्त २४ डायलिसिस, आणि त्यासाठी जागा, पाण्याची लाइन, वीज, माणूस हे सगळं वेगळं लागेल. तेवढीच वाढ तिसरी पाळी फुकटात देते. अगदी फुकटात नाही म्हणा. त्यावरच बोलायचं आहे.

तिसरी पाळी लागत नाही याचं पहिलं कारण रुग्णालयाच्या आत नाहीच. ते बसस्टँडवर आहे.

आमच्या स्टँडवरून खेड्यांकडे जाणारी शेवटची गाडी साडेसहाला सुटते. नऊला पाळी सुटली की पेशंटनं जायचं कुठं? डायलिसिसच्या पेशंटला एसटीच्या साध्या गाडीत शंभर टक्के सवलत आहे. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत झाला, मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं. त्याचा परिणाम मी डोळ्यांनी पाहिला आहे. पूर्वी पेशंटसोबत मुलगा यायचा, म्हणजे त्याची मजुरी बुडायची. आता बायको येते, सून येते. सवलत चांगली आहे, पण ती गाडीत बसल्यावर मिळते. गाडीच नसेल तर शंभर टक्के सवलतीचं कार्ड खिशात ठेवून माणूस दुसऱ्याच्या मोटरसायकलवर मधे बसून घरी जातो. पुढं चालवणारा, मागं धरून बसणारा, मधे डायलिसिस झालेला. हे दृश्य आमच्या गेटवर नवं नाही. चार तासांत दोन-तीन लिटर पाणी अंगातून काढलेलं असतं, बीपी खाली आलेलं असतं, हाताला सुया टोचलेल्या जागी पट्टी घट्ट बांधलेली असते. रात्री काळीपिवळी स्पेशल करायची तर एका फेरीला दिवसाची मजुरीही पुरत नाही, आणि हे आठवड्यातून तीनदा, जन्मभर.

मुक्कामी गाडी आपल्याला माहीत आहे. आपल्यातले कितीतरी जण तिनेच कॉलेजला गेले असतील. संध्याकाळी तालुक्याहून निघायची, शेवटच्या गावी मुक्काम करायची, पहाटे पोरांना, दुधाच्या कॅनना आणि कोर्टाची तारीख असलेल्यांना घेऊन परत यायची. आमच्या भागातल्या अशा कित्येक गाड्या कोरोनात बंद पडल्या त्या पडल्याच. डेपोचीही अडचण खरी आहे, गाड्या जुन्या, चालक-वाहक कमी. तरीही मी हिशेब मांडून पाहिला. आमचे बहुतेक पेशंट दोन रस्त्यांवरच्या गावांतले आहेत. रात्री साडेनऊला या दोन रस्त्यांवर एकेक मुक्कामी गाडी सुटली तर तिसरी पाळी भरते. आणि त्या गाड्या पहाटे परत निघाल्या तर सातची पहिली पाळीही सात वाजता लागते. आत्ता ती कधी सव्वासातला लागते तर कधी आठला, कारण पहिली गाडी जेव्हा येईल तेव्हाच पहिला पेशंट येतो.

रस्त्याचं आणि डायलिसिसचं नातं आपल्याला नवं नसावं. २०२२ मध्ये अकोट-अकोला रस्त्यावरचा, गांधीग्रामचा पूर्णा नदीवरचा जुना पूल वाहतुकीला बंद झाला, तेव्हा इकडच्या लोकांना अकोला गाठायला केवढा वळसा पडला हे सगळ्यांनी पाहिलं. तोवर अकोल्याला डायलिसिसला जाणारे काही पेशंट त्या दिवसांत आमच्या दारात येऊन उभे राहिले. पुलाच्या बातम्यांत व्यापारी होते, विद्यार्थी होते. हे लोक नव्हते.

दुसरी गोष्ट पाण्याची. खारपाणपट्ट्यातल्या माणसाला पाण्याबद्दल मी काय सांगणार! विहीर खणा, बोअर मारा, मचूळच लागतं. प्यायला नको, ओलिताला नको. पूर्णेच्या दोन्ही अंगांना अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांतली ही गावं वान धरणासारख्या ठिकाणाहून येणाऱ्या नळयोजनांवर जगतात. आपल्या भाषणात ‘खाऱ्या पाण्यानं किडन्या गेल्या’ हे वाक्य असतंच. असू द्या, पण सोबत बीपीची गोळी, शुगर आणि मेडिकलमधून उठसूट आणलेली दुखण्याची गोळी हेही असू द्या. माझ्या टेबलापुढं येणारे पुष्कळ जण बीपीची गोळी ‘बरं वाटलं’ म्हणून मधेच सोडलेले असतात. आरोग्य उपकेंद्रात ती गोळी महिन्याच्या महिन्याला मिळाली, आणि घेतली का म्हणून कोणी विचारलं, तर माझ्या वहीतली पुढची पानं कोरी राहतील.

मी वेगळ्या पाण्याबद्दल बोलते आहे. मशीन रक्त धुते ते पाण्यानं. मिनिटाला अर्धा लिटर, चार तासांत १२० लिटर. पेशंटचं रक्त आणि हे पाणी यांच्या मधे डायलायझरमधला एक पातळ पडदा, बस. म्हणून ते पाणी आरओ करून, तपासून, निर्जंतुक लागतं. आरओ जेवढं शुद्ध पाणी देतं, जवळपास तेवढंच गटारात सोडतं. म्हणजे एका डायलिसिसमागे दोनशे लिटरच्या वर कच्चं पाणी. नळयोजनेचं पाणी असतं तोवर ठीक. उन्हाळ्यात लाइन फुटली, किंवा नळ आठ-दहा दिवसांआड आला, की टँकर. टँकरवाला पाणी कुठून भरतो हे तो सांगत नाही, आमचं पाण्यातले क्षार मोजणारं टीडीएस मीटर सांगतं. तेच खारं पाणी आरओवर घेतलं की वर्षभर चालायचा मेम्ब्रेन, म्हणजे आरओतला गाळणारा पडदा, काही महिन्यांतच बसतो. मेम्ब्रेनचा खर्च कोणत्याच उद्घाटनात नसतो. मी टँकरवाल्यांचे नंबर कपाटाच्या दारावर आतून चिकटवून ठेवले आहेत. कोणतं पाणी चालतं आणि कोणतं नाही, ते पुढं खूण करून.

विजेचंही तसंच. मे-जूनच्या वादळात तार पडली की पहिला आवाज मशिनींचा येतो, चारही एकदम पिपाण्या वाजवायला लागतात. मशीनला बॅटरी असते, साधारण वीसेक मिनिटं रक्ताचा पंप फिरवेल एवढी. तेवढ्यात जनरेटर लागला तर ठीक. नाही लागला तर टेक्निशियन पंपाची छोटी दांडी बाहेर काढतो आणि हातानं फिरवायला लागतो, सावकाश, एका लयीत, नळ्यांमधलं सगळं रक्त पेशंटच्या अंगात परत जाईपर्यंत. घाई केली तर हवा जायची भीती, थांबलं तर रक्त गोठायची. चार पेशंट, दोन टेक्निशियन. उरलेल्या दोघांच्या पंपाला सिस्टर. मी दारात उभी, एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातानं नातेवाइकांना बाहेर थोपवत. पेशंट घाबरत नाहीत, त्यांना सवय झाली आहे. एक आजोबा तर टेक्निशियनला म्हणाले होते, “हयूहयू फिरव रे बाबा, चरका नोको समजू त्याले.” आपल्याकडून यासाठी हवी आहे ती एक गोष्ट म्हणजे एक्सप्रेस फीडर, वीज उपकेंद्रातून थेट येणारी वेगळी लाइन. वीज कंपनीच्या दारात आमचा अर्ज आणि आपला फोन यांत किती फरक पडतो, हे आपल्याला ठाऊक आहे.

उन्हाळ्याबद्दल लिहिलं नाही तर माझा विभाग आपल्याला कळणारच नाही. अकोल्याचा पारा पंचेचाळिसाच्या पुढं जातो तेव्हा सगळी दुनिया ‘भरपूर पाणी प्या’ म्हणते. आमच्या पेशंटना लघवीच होत नाही, त्यांना दिवसाला साधारण लिटरभर पाण्याची मुभा, त्यातच चहा, त्यातच वरणातलं पाणी. सकाळी वजनकाट्यापाशी जो प्रकार चालतो तो बघण्यासारखा असतो. आधी चपला उतरतात, मग खिशातली पाकिटं, मोबाइल, किल्ल्या, मग कमरेचा करगोटासुद्धा सैल करून बघतात. मागच्या वेळेपेक्षा चार किलो वाढलेलं असतं आणि ते चारही किलो पाणीच असतं. सिस्टर बोलायच्या आधीच उत्तर तयार: “पानी नाही पेलो मॅडम, बरफाचा गोया खाल्ला फक्त.” हसू येतं, आणि हसून झालं की टेक्निशियनपुढं प्रश्न उरतो की चार तासांत एवढं पाणी ओढायचं कसं. ओढलं तर बीपी पडतो, पायांत गोळे येतात, सोडलं तर रात्री दम लागतो. तिसरं डायलिसिस असतं तर हे पाणी अडीच-तीन किलोंवरच काढता आलं असतं. दोनदा आणि तीनदा यांतला फरक उन्हाळ्यात असा काट्यावर दिसतो. संत्र्याच्या बहारात आमचे काही पेशंट स्टाफसाठी पिशवी भरून संत्री आणतात. त्यांना स्वतःला, किडनी बाहेर टाकू शकत नाही त्या पोटॅशियममुळे, फोडही खायची नसते. सोलून देतात मात्र आग्रहानं.

आता माझ्या टेबलाकडे या.

योजनेनं माणसं जगवली, हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं तक्रार म्हणून वाचलं जाणार नाही. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पहिल्यांदा आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपलं अमरावती होतं. पुढं ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतल्या पांढऱ्या राशनकार्डाच्या शेतकऱ्यांनाही तिनं आत घेतलं, आणि २०२३ च्या निर्णयानं संरक्षण कुटुंबामागे दीड लाखाचं पाच लाख झालं. २०१६-१७ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आला. त्याआधी किडनी गेली की वावर जायचं, मग माणूस. आता निदान वावर तरी राहतं.

पण योजना आणि पेशंट यांच्या मधे जे अंतर आहे, ते दररोज कोणीतरी पायी चालून भरून काढावं लागतं. राशनकार्डावर नाव नाही, कारण वेगळं निघाल्यावर नवं कार्ड काढलंच नाही. आधारवर ‘रामभाऊ’, कार्डावर ‘रामराव’. आयुष्यभर विळा-पऱ्हाटी धरलेल्या बोटांचा ठसा उमटत नाही, यंत्र म्हणतं पुन्हा ठेवा. ओटीपी येतो तो मुलाच्या मोबाइलवर, आणि मुलगा चाकणला कंपनीत. “पोट्ट्याचा फोन गेटवर जमा रायते मॅडम, तीन वाजता सुटते तो.” ओटीपी काही मिनिटांत मरतो, मुलगा तीनला सुटतो. त्यावर आम्ही शोधलेला उपाय म्हणजे अशा पेशंटची कागदपत्रं मुलाच्या साप्ताहिक सुटीला करायची, म्हणून माझ्या वहीत पेशंटच्या नावापुढं त्याच्या मुलाच्या शिफ्टही लिहिलेल्या आहेत. आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा रुग्णालयात बसणारा माणूस, चांगला असला तर निम्मा भार हलका होतो. क्लेमला, म्हणजे योजनेकडे पाठवलेल्या बिलाला, क्वेरी पडली की पुन्हा फोटो, पुन्हा रिपोर्ट, पुन्हा सही. पैसे यायला वेळ लागतो तोवर डायलायझर, नळ्या, सुया उधारीवर. पुरवठादार पहिल्या महिन्यात गोड बोलतो, तिसऱ्या महिन्यात फोन उचलत नाही.

हे काम कोणी करायचं, याचा विचार नवीन विभाग उघडताना शेवटी होतो, बऱ्याचदा होतच नाही. यादीत मशिनी असतात, खाटा असतात, एसी असतो. मग सिस्टर पेशंटचा बीपी बघता बघता कानाला फोन लावून टँकरवाल्याशी बोलते. एका तालुक्यात हे मी जाऊन पाहिलं आहे. मशिनी आमच्यापेक्षा नव्या, निम्म्या रिकाम्या. बाहेर बाकावर पेशंट. मंजुरी कोणी टाकली नव्हती.

आणि सगळ्यात महत्त्वाचं काम कोणत्याही पोर्टलवर नाही. ते म्हणजे न आलेल्या पेशंटला फोन करणं. मंगळवारच्या पाळीचा माणूस आठपर्यंत आला नाही की मी फोन लावते. कापूस वेचणीच्या दिवसांत उत्तर ठरलेलं: “बाई, कापूस फुटून रायला, वेचाले मानूस भेटत नाही. आजचं सोडून द्या, शुक्रवारी येतो.” पोळा, दिवाळी, भाचीचं लग्न, सोसायटीची मीटिंग, कारणं खरीच असतात. ओरडून काही होत नाही. मी विचारते, दम लागतो का, पायावर सूज आहे का, रात्री उशाला किती उशा लागतात. दोन उशा म्हणजे सपाट झोपलं की दम लागतो, तसं म्हटलं की दुपारच्या पाळीत कुठं तरी घुसवते आणि घरच्या बाईशी बोलते. कारण तो शुक्रवारी येणार नसतो, गुरुवारी रात्री रुग्णवाहिकेतून येणार असतो. ज्या विभागात हा फोन करणारं माणूस नाही, तिथं पेशंट ‘सोडून गेला’ असं लिहितात.

जागा रिकामी कशी होते, हेही लिहायला हवं, कारण तिथं आपला थेट संबंध येतो. क्वचित कोणाला घरातून किडनी मिळते, एखाद्याचा नागपूरच्या प्रतीक्षायादीत नंबर लागतो. बाकी जागा एकाच रीतीनं रिकामी होते. फोन मी करते किंवा तिकडून येतो. “आता नाही येत मॅडम ते. राती गेले.” मी दोन शब्द बोलते, कार्डाची झेरॉक्स परत न्यायला सांगते, योजनेत नोंद बंद करते. आणि त्याच दुपारी प्रतीक्षेच्या वहीतल्या पहिल्या नावाला फोन लावते, कारण तो माणूस कुठं तरी दीडशे किलोमीटरची फेरी मारून डायलिसिस करत असतो आणि त्याला एक दिवस उशीर करण्याचा मला अधिकार नाही. तो आनंदानं विचारतो, “जागा कशी निघाली?” मी म्हणते, निघाली.

अशा वेळी आपलं लेटरहेड येतं. ‘सदर रुग्ण आमच्या परिचयाचे असून त्यांना प्राधान्याने डायलिसिस द्यावे.’ आपल्या दारात आलेल्या माणसाला आपण रिकाम्या हातानं पाठवू शकत नाही, हे समजतं. पण वही उघडून बघा, आपल्या शिफारशीच्या वर जी नावं आहेत त्यांपैकी कोणाला खाली ढकलायचं? त्यातल्या बहुतेकांना आपल्या कार्यालयाचा पत्ता माहीत नाही, म्हणून तर ते वहीत आहेत. मी आजवर अशा पत्रावर नंबर बदललेला नाही आणि बदलणार नाही, याबद्दल वरिष्ठांनी मला कधी टोकलेलं नाही, हे त्यांचं मोठेपण. मात्र त्या पत्रांची एक फाइल केली आहे. आपल्या भागात किती लोक डायलिसिसच्या जागेसाठी वणवण करतात याचा तो पुरावाच आहे, आणि विधानभवनात आपल्याच उपयोगाचा.

टेक्निशियनचं राहिलं. तिसऱ्या पाळीला किमान दोघं लागतील. मुलं कोर्स करून येतात, आमच्याकडे हात बसतो, की नागपूर-पुण्याची रुग्णालयं उचलून नेतात. पगारातला फरकच तेवढा आहे. त्यांना दोष देत नाही. आपल्या विकास निधीतून मशीन घेता येते, माणसाचा पगार देता येत नाही, हे मला माहीत आहे. म्हणूनच म्हणते, निधीतून जे देता येतं त्यासाठी आपली गरज कमी आहे, जे निधीतून देता येत नाही त्यासाठी जास्त. नागपूरला डिसेंबरात अधिवेशन भरतं तेव्हा तालुक्याच्या डायलिसिस विभागांना पदं आणि पगार कुठल्या लेखाशीर्षातून मिळणार, हा प्रश्न विचारा. पाळीमागे किती टेक्निशियन, विभागामागे एक समन्वयक, हे शासन निर्णयात आलं तर सरकारी आणि धर्मादाय दोन्ही ठिकाणी फरक पडेल. योजनेच्या दरात तो खर्च धरला जाईल.

आणि तोवर, ज्याला दमडी लागत नाही असं एक काम आहे. एसटीच्या विभाग नियंत्रकांना बोलवा, वीज कंपनीच्या अभियंत्याला बोलवा, पाणीपुरवठ्याच्या माणसाला बोलवा, आणि ज्या ज्या तालुक्यात डायलिसिस चालतं तिथल्या वही सांभाळणाऱ्या माणसाला. एका टेबलावर तासभर. पेशंट कोणत्या गावचे, कोणत्या वारी येतात, याची यादी मी नावं वगळून आणते. त्यावर गाडीची वेळ ठरू द्या. साडेनऊची मुक्कामी गाडी मिळाली तर रुग्णालयाच्या विश्वस्तांनी तिसऱ्या पाळीचा एक टेक्निशियन आपल्या खर्चानं ठेवायची तयारी दाखवली आहे. दुसऱ्याचं बघता येईल.

मशिनी द्यायच्याच असतील तर त्याही द्या, पण सोबत पाच वर्षांचा देखभाल करार, आरओचा मेम्ब्रेन आणि जनरेटरचं डिझेल कोण भरणार ते लिहून द्या. कोनशिलेवर जागा कमी पडली तर वेगळ्या कागदावर चालेल.

बघायला जरूर या. दुपारची पाळी बाराला लागते, साडेबारानंतर आलात तर पेशंट स्थिर झालेले असतात, बोलायलाही मोकळे असतात. मंगळवार टाळा, त्या दिवशी पाळ्या सुटल्या की आरओची धुलाई असते. कार्यकर्ते बाहेर थांबले तर बरं, आत एका वेळी दोघांपेक्षा जास्त माणसं घेत नाही, तो नियम सगळ्यांना सारखा आहे. आणि गाड्या मागच्या गेटला लावू नयेत. पाण्याचा टँकर तिथूनच येतो.

आपली,
एका ग्रामीण डायलिसिस विभागाची प्रशासक
खारपाणपट्टा, पश्चिम विदर्भ